शाळेच्या भिंतीवर रोबोकडून गावाचं चित्र: जमेल का, आणि काढावं का?

कापूसकोंड्या

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. चूकभूल सांभाळून घ्या.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यातला. मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, जोडीला थोडी शेती. गेल्या वर्षीपासून गावच्या शाळेतली सहा-सात पोरं संध्याकाळी दुकानात येऊन बसतात. त्यांच्या नादानं एक यंत्र तयार झालं. भिंतीच्या वरच्या दोन कोपऱ्यांत दोन स्टेपर मोटारी (मोजून पावला-पावलानं फिरणाऱ्या), दोन्हींवरून दात्यांचा पट्टा खाली येतो आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये पेन धरणारी फळी लोंबते. मोटारी पट्टा ओढतात, सोडतात, फळी भिंतीवर फिरते, रेघ उमटते. मोटारींना हुकूम द्यायला आर्डुइनोचं छोटं सर्किट, नेमा १७ मापाच्या मोटारी, पेन उचलायला एक चिमुकली सर्व्हो मोटार. जगात हे नवीन नाही, आमच्या गावात आहे.

पोरांना चित्रापेक्षा यातलं गणित आवडलं. दोन मोटारींमधलं अंतर ५०० सेंटिमीटर. पेन डाव्या मोटारीपासून १८० आडवं आणि २४० खाली न्यायचं, तर पट्टे किती सोडायचे? पायथागोरस लावला. डावा ३००, उजवा ४००. आठवीतल्या एका पोरीनं टेप लावून दोन्ही मोजले आणि म्हणाली, "काका, खरंच हाये!" जसा काही मी इतके दिवस खोटंच सांगत होतो.

आता मुद्दा. शाळेची रस्त्याकडची भिंत रिकामी आहे, १८ फूट बाय ११ फूट. शाळा व्यवस्थापन समिती हो म्हणाली आहे. पोळ्यापर्यंत तिथं गावाचं चित्र व्हावं असं मनात आहे. पण कुणा एकाचं चित्र मशीननं छापायचं नाही, ते काम फ्लेक्सवाला करतोच. आमच्याकडे १४० घरं. प्रत्येक घराला एक कागद द्यायचा, घरातल्या कुणीही हात न उचलता एक रेघ काढायची, आम्ही फोटो काढून त्या रेघा मशीनला देणार.

यानं चित्र गावाचं होईल का, की नुसती सह्यांची मोहीम होईल? आणि कशानं काढावं? पेंट मार्कर महाग पडतात आणि आमच्या उन्हात अर्ध्या तासात टोक वाळतं.

तर्रीबाज

१४० घरं, १४० रेघा. शेवटी आमच्या नागपुरातल्या खोदलेल्या रस्त्यांचा नकाशा तयार होईल. तोच फ्रेम करून पाठवा.

अर्धवट अभियंता

मस्त! फोटो टाका की राव.

तांत्रिक बाजूनं दोन गोष्टी. २० दात्यांची जीटी२ पुली (दात्यांत २ मिलिमीटर अंतर) म्हणजे एका फेऱ्यात ४० मिलिमीटर पट्टा. मोटार फेऱ्याला २०० पावलं टाकते, मोटार चालवणाऱ्या ड्रायव्हर सर्किटवर एका पावलाचे सोळा भाग केले की ३२००. म्हणजे मिलिमीटरला ८० पावलं. भिंतीसाठी ही चैन आहे, अचूकतेची काळजी सोडा.

काळजी वरच्या पट्टीची करा. फळी मधोमध पण मोटारींच्या रेषेपासून फक्त ५० सेंमी खाली असेल, तेव्हा प्रत्येक पट्ट्यावर फळीच्या वजनाच्या अडीचपट ताण येतो. तीच २४० सेंमी खाली आली की ताण पाऊणपटीच्याही आत. त्यामुळे वर मोटार पावलं चुकवते आणि रेघा वाकतात. वरचे दीड-दोन फूट सोडून द्या. खालचे दोन कोपरेही सोडा, तिथं एक पट्टा जवळजवळ उभा होतो, दुसऱ्यावर जोरच राहत नाही आणि फळी झुलते. आणि वारा सुटला की काम बंद.

दगडू

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. शाळेत मुलींसाठी धड स्वच्छतागृह आहे का? शिक्षक पूर्ण आहेत का? आधी ते बघा, मग रोबो. हे शहरातल्या लोकांचे चोचले गावात आणायचे आणि पेपरात फोटो छापून आणायचा, एवढंच होतं.

कापूसकोंड्या

दगडूभाऊ, राग नाही. स्वच्छतागृह आहे, पाण्याची टाकी मीच बसवून दिली. शिक्षक पूर्ण नाहीत. यंत्राचा खर्च चार हजारांच्या आत आला, तोही माझ्या खिशातून. पेपरवाला आमच्या गावाला फक्त गारपीट झाली की येतो.

अभियंता, वरची पट्टी सोडतो. आमच्या पहिल्या बैलाची शिंगं का वाकडी आली ते आत्ता कळलं.

पेंटर वऱ्हाडी

म्या पंचवीस वर्सं पेंटिंगचं काम केलं. मूर्तिजापूर, कारंजा, दारव्हा, सारा भाग. दुकानाच्या पाट्या, बैलगाड्या, ट्रकची मागची बाजू, शायेच्या भिंतीवर ग्रामगीतेतल्या ओव्या. मंग फ्लेक्स आलं. हप्त्याची दहा कामं होती, त्याची महिन्याची दोन झाली. आता लग्नसराईत भिंतीवर नवरा-नवरीचं नाव लिवतो, बस.

आता तुमी म्हनता भिंतही मशीन रंगवन. बरं हाये. भिंत राहिली होती तेवढी.

लेकरं शिकून राहिले त्याचा मले आनंद हाये, भाऊ. पन चित्र गावाचं पाहिजे म्हनता, अन गावात ज्याचा हात चालते त्याले इचारलं का तुमी?

तर्रीबाज

पेंटरभाऊंनी नेमकं बोट ठेवलं राजेहो. माझी जीप गेली बारा वर्षं "हॉर्न प्लीज"च्या त्यांच्यासारख्याच कुणाच्यातरी वळणदार अक्षरांवर चालून राहिली. फ्लेक्स दोन पावसाळ्यांत फाटते, तो ऑइल पेंट अजून तसाच हाये.

मृण्मयी

मी कला शिकवते, माहेर अमरावतीचं, म्हणून इथे थांबले.

कापूसकोंड्या, तुमचा प्रश्न जुना आहे आणि चांगला आहे. स्विस शिल्पकार जाँ तँगली यानं १९५९ मध्ये पॅरिसला चित्रं काढणारी यंत्रं मांडली होती, मेटा-मॅटिक नावाची. बघायला आलेल्या माणसानं रंग निवडायचा, यंत्र चालू करायचं आणि निघालेलं चित्र घेऊन जायचं. त्यात खरं तर चित्रकारांची थट्टा होती. पण लोक रांगा लावून आले, कारण यंत्राला हात लावायला मिळत होता.

हॅरॉल्ड कोहेन हा मुळात कॅनव्हासवाला चित्रकार. त्यानं ॲरन नावाचा प्रोग्रॅम लिहिला आणि १९७० च्या दशकात जमिनीवर चालणाऱ्या 'कासवा'कडून रेघा काढून घेतल्या. रंग मात्र तो कितीतरी वर्षं स्वतःच्या हातानं भरत होता. पेंटरकाकांच्या प्रश्नाचं हे एक उत्तर होऊ शकतं.

तिसरं उदाहरण शेतकऱ्यांसाठी. अमेरिकेत १९९५ साली केन गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांनी टेलिगार्डन केलं. मधे एक रोबोचा हात, भोवती मातीचा वाफा. जगातल्या कुणीही इंटरनेटवरून बी टोचायचं आणि पाणी घालायचं. पुढे तो वाफा ऑस्ट्रियात लिंझला गेला आणि २००४ पर्यंत चालला. अनोळखी माणसं एकमेकांच्या रोपांना पाणी घालायची.

तर्रीबाज

मॅडम, आमच्याकडे अनोळखी माणूस दुसऱ्याच्या शेतातलं पाणी आपल्याकडे वळवते. रात्रीच्या लाइनच्या पाळीत.

झाडीचा पोर

सिंदेवाहीकडचा आहे जी. एक साधी गोष्ट कुणीच बोलले नाही. पोळा म्हणजे श्रावणातली अमावस्या. तेव्हा भिंत ओलीगच्च असते. कोळसा, गेरू, चुना काहीही लावा, चार दिवसांत खाली. आमच्याकडे दिवाळीनंतर मंडई भरते, सगळे पाहुणे येतात, रात्री दंडार, नाटक. पाऊस गेलेला, धान कापणीला आलेलं. चित्र करायचं तर तेव्हा करा. तुमच्याकडे मंडई नसेल तर २६ जानेवारी.

पेंटर वऱ्हाडी

हे खरं बोलला पोरगा. अन कापूसवाले दिवाईत मोकये नसते, वेचाई चालू असते. २६ जानेवारीच बरी.

सुलभाताई

मी वर्ध्याला असते, वय ७१. यंत्रातलं काही कळत नाही, पण भिंतीवर चित्र काढणं आम्हा बायकांना नवीन नाही. नागपंचमीला भिंतीवर नागोबा काढायचा. भुलाबाईच्या दिवसांत मागची भिंत पोतेऱ्यानं सारवायची आणि त्यावर पांढऱ्या मातीनं बोटांनी नक्षी. जिची आई गेली असेल तिच्याकडेही आम्ही सगळ्या जणी जाऊन भिंत करून यायचो. कोणी 'सामूहिक' वगैरे म्हणत नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच. एकेका घरानं कागदावर रेघ काढायची आणि मग मशीननं भिंतीवर काढायची, यात माणूस भिंतीजवळ येतच नाही. उलट करा. मशीनला ठिपके घालू द्या. रांगोळीत सगळ्यात कंटाळवाणं काम ठिपक्यांचंच असतं, ओळ चुकली की सगळं बिघडतं. ते मशीन नीट करेल. जोडायचं काम बायकांना आणि मुलांना द्या. कोणी कुठला ठिपका कुठल्याला जोडेल ते जोडू दे.

अर्धवट अभियंता

सुलभाताई!! सोपंही हेच आहे. नुसते ठिपके म्हणजे पेन टेकवायचं, उचलायचं, बस. वाटेत फळी झुलली तरी फरक नाही, टेकवण्याआधी दोन सेकंद थांबवा. मार्करही वाळणार नाही, कोळसा किंवा खडू चालेल.

पेंटर वऱ्हाडी

ताई, तुमी मायी अडचन सोडवली. आमी बी मोठी पाटी असली का आधी खडूची दोरी मारतो. दोरीले खडू फासाचा, दोन टोकं दोघांनी धराची, मधातून ओढून सोडली का सरय रेघ. त्याच्यावर अक्षर उभं राहते. मशीन खडूच्या दोरीचं काम करन तर मायी ना नाई.

कोयतूर

सगळं वाचतो आहे. वरून कोणी सुचवलं नाही, पण सुचवतील म्हणून आधीच बोलतो. विदर्भातल्या गावात भिंत रंगवायची म्हटलं की हमखास 'आदिवासी डिझाइन' इंटरनेटवरून उतरवून टाकतात. हरीण, झाड, आत ठिपक्यांचा भरणा. ती कागदावरची गोंड चित्रशैली बरीचशी मध्य प्रदेशातल्या पाटनगढच्या जनगढसिंह श्याम यांच्यापासून पुढे आली. चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांच्या माणसांनी त्यांचं काम बघितलं आणि ते भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्रात आले, १९८० च्या आसपासची गोष्ट. त्याआधी आणि आजही घराच्या भिंतीवर, अंगणात बाया ढिगना काढतात, ती वेगळी.

घाटंजीकडे गोंड आहेत, कोलामांचे पोड (वस्त्या) आहेत, तांडे आहेत. त्यांना बोलवायचं असेल तर भिंतीसमोर बोलवा आणि काय काढायचं ते त्यांना ठरवू द्या. त्यांच्या नावानं फाइल डाउनलोड करू नका. शिवाय चुलतआजी काढायची ते ठिपके जोडून होत नव्हतं. ती कोपऱ्यापासून सुरू करायची. ठिपक्यांची जाळी हीसुद्धा एका घरची सवय आहे, सगळ्या गावाची नाही.

सुलभाताई

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. बरोबर आहे तुमचं. मग काही भिंत बिनठिपक्यांची ठेवा ना.

वऱ्हाडी ठेचा

रोबो सोडा, बैल काढणार तर त्याच्या गयात घुंगरमाय पाहिजेच. आन झडत्या, म्हंजे पोयाची गानी, लिवा बाजूले. आमच्या गावी तोरनाखाली दोन आळ्यांच्या झडत्या रंगल्या का पोया फुटाले अंधार पडते.

तर्रीबाज

तान्ह्या पोळ्याला चाकांचा रोबो-बैल काढा. घरोघरी आपला आपण जाऊन बोजारा (पोळ्याची बक्षिसी) गोळा करेल. क्यूआर कोड पाठीवर.

संचालक

भिंतीवर कोणत्या पक्षाचं चिन्ह येईल यावरचे चार प्रतिसाद उडवले आहेत. धागा रोबो आणि चित्रापुरता ठेवा.

दगडू

उडवलेल्यांत माझा एक होता आणि तो गमतीचा नव्हता. १४० घरांनी रेघा काढल्या आणि कुणी हळूच घड्याळ, कमळ, पंजा काढला तर? मशीनला काय कळतं? ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर असली तर शाळेची भिंत आखाडा होईल.

मृण्मयी

दगडू, प्रश्न रास्त आहे, पण भिंतीसमोर उभं राहून काढणाऱ्याला शेजारी बघत असतो. कागद घरात भरला जातो. माझं मत ताईंच्या बाजूनं.

एकटा जीव

मी वेगळंच सुचवतो. मोटारी चालवायला कॉम्प्युटर लागतोच कशाला? दोन चक्र्या बसवा. एक चक्री डावी मोटार फिरवेल, दुसरी उजवी. दोन माणसं दोन चक्र्यांवर. एकट्याला सरळ रेघ काढताच येणार नाही. गावातल्या दोन गटांचे प्रमुख बसवा आणि गोल काढायला सांगा.

तर्रीबाज

पहिला अंडाकृती गोल निघाल्यावर दोघंही म्हणतील, "माझी बाजू बरोबर होती."

शेतमजूर_पुत्र

एक महत्त्वाचं. चक्री, ठिपके काहीही करा, पण जुना फवारणी पंप रंग उडवायला वापरू नका. कोणीतरी सुचवेलच, बॅटरीवाला पंप घरोघरी पडला आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन माणसं गेली, त्यात आमच्या ओळखीचे होते. टाकी कितीही धुतली तरी शाळेच्या पोरांजवळ नको. त्यातली १२ व्होल्टची बॅटरी काढून मोटारींना लावायला हरकत नाही, लाइट जाते तेव्हा कामाला येईल.

कापूसकोंड्या

बॅटरीचं आजच करतो, धन्यवाद. पंप जवळही आणणार नाही.

पोळा रद्द, २६ जानेवारी नक्की. तोवर शाळेच्या व्हरांड्यात आतल्या भिंतीवर ठिपके आणि चक्र्या दोन्ही करून बघतो. दोन आठवड्यांनी कळवतो.

कापूसकोंड्या

तीन आठवडे झाले. सोयाबीनची पेरणी मधे आली.

आधी फजिती. पहिल्या दिवशी बॅटरी विसरलो, घरचीच लाइन जोडली. सत्तर-ऐंशी ठिपके पडले आणि लाइट गेली. परत आली तेव्हा मशीनला आपण कुठं आहोत हेच माहीत नाही. स्टेपर मोटार पावलं मोजते, पण लाइट गेली की मोजलेलं विसरते, आणि फळी वजनानं खाली घसरली होती. मी अंदाजानं वर नेली, अंदाज चार बोटं चुकला. खालचे सगळे ठिपके उजवीकडे सरकले. मी पुसायला चिंधी घेतली, तर पोरं म्हणाली, राहू द्या. दुसऱ्या दिवशी बाया आल्या. त्यांनी वरच्या जाळीतून खालच्या जाळीत रेघा ओढल्या आणि जिथं सरकलं होतं तिथं एक मोठी नागमोडी पट्टी आली. एका आजीनं सांगून टाकलं, हा आपला नाला.

कोळशाचं: लाकडी कोळसा फार कडक, भिंत ओरबाडतो. तुराटीचा कोळसा मऊ आहे, काळा येतो, फुकट आहे. पण झिजतो, म्हणून त्याच्यामागे पेनातली स्प्रिंग बसवली.

चक्र्या: सातवीतली दोन पोरं बसवली. दहा मिनिटं नुसती भांडली. मग एकानं "सोड, सोड, धर" असं म्हणायला सुरुवात केली, बैलजोडी हाकल्यासारखं, आणि तिरपी का होईना एक लांब रेघ आली. शिक्षक बसले तेव्हा कुणी कुणाला "सोड" म्हणायला तयार नव्हतं, त्यांची रेघ भिंतीच्या वरच्या पट्टीत जाऊन अडकली. अभियंता, तुमचा अडीचपट ताण प्रत्यक्ष पाहिला, मोटार कुरकुरून थांबली.

कोयतूरभाऊ, डावीकडची पाच फूट भिंत मोकळी सोडली. पोडावरच्या दोन बाया बघून गेल्या. काढलं काही नाही. म्हणाल्या, बाहेरच्या भिंतीला माती लावली तर येऊ, चुन्यावर आमचं नाही बसत. म्हणजे जानेवारीत तेवढ्या भागाला माती लावावी लागेल. मशीन मातीवर चालेल का, माहीत नाही.

कोयतूर

त्या भागात मशीन चालवूच नका.

कापूसकोंड्या

हेही खरं.

दगडू

नाल्याचा फोटो टाका. बघायचा आहे.

पेंटर वऱ्हाडी

कापूसकोंड्या भाऊ, म्या रविवारी येतो. मोठ्या भिंतीचं माप घेऊ, रंगाचं पाहू. ब्रश मायेच आनतो, शायेचे केसं झडलेले असते. बाहेरच्या भिंतीले चुना मारला का?

कापूसकोंड्या

मारला काका, परवाच. पावसाची उघडीप मिळाली म्हणून.

पेंटर वऱ्हाडी

डिंक टाकला होता चुन्यात?

कापूसकोंड्या

नाही.

पेंटर वऱ्हाडी

मंग हात लावसान तर हाताले येईन सारा. पावसायाभर तसाच राहू द्या, धुवून जाऊ द्या. दिवाई झाल्यावर डिंक टाकून दोन हात मारू. रविवारी मी येतोच, पन मशीन पाहाले. अन त्या आजीले इचारून ठेवजा, नाल्यावर पूल पाहिजे का म्हना.